अर्धी भिंत

आमच्या ह्यांनी जन्मात एक वीट दुसऱ्या विटेवर ठेवली नाही. पाडल्या मात्र लाखो. घरं, गोदामं, कारखान्यांची धुराडी, एकदा तर अख्खा तुरुंग. पाडकाम हाच आमचा धंदा. हे आणि ह्यांचा धाकटा भाऊ माणसं घेऊन इमारत उतरवायचे आणि तिच्यातून निघालेली दारं, चौकटी, सळया, विटा मी आमच्या आवारात विकायची. लोक म्हणायचे, दोघं भाऊ पाडतात आणि वहिनी खाते. खोटं नव्हतं.

ह्यांना सगळे घणदादा म्हणत. हातात घण असला की हा माणूस गाईसारखा शांत. घण खाली ठेवला की भांडण. उलटं असतं तर आमच्या घरातल्या कपबश्या तरी टिकल्या असत्या. धाकट्या भावजींशी तर रोजचंच. दोघं एकमेकांच्या उरावर बसायचे आणि संध्याकाळी एकाच किटलीतला चहा प्यायचे. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा मध्ये पडले होते. मध्ये पडणाऱ्याला दोन्हीकडून बसतात हे त्या दिवशी कळलं. नंतर मी खुर्ची घेऊन बघत बसायची.

गेल्या वर्षी एका लोखंडी तुळईवरून जुंपली. भावजींनी ती ह्यांना न विचारता विकली होती. आवारातच, विटांच्या ढिगाऱ्यापाशी, दोघं मातीत लोळले. भावजींची लाथ ह्यांच्या नको त्या जागी बसली. हे किती तरी वेळ चुन्यासारखे पांढरेफटक होऊन पडून होते. भावजी डोक्यावर पाणी ओतत होते आणि शिव्याही देत होते. पुढे त्या जागी सूज राहिली. मी विचारलं की म्हणायचे, मुका मार आहे, जिरेल. तो जिरला नाही. दगड झाला. मग पाठ धरली. मग एक दिवस घण खांद्यापर्यंत उचलला आणि तसाच खाली टाकला. त्या दिवशी मी ह्यांना गाडीत कोंबून हॉस्पिटलात नेलं.

आम्हाला लेक असती तर डॉक्टरबाई वयानं तिच्याएवढ्या होत्या. त्यांनी न अडखळता सांगितलं की वृषणाचा कॅन्सर आहे आणि पोटात मागच्या बाजूला गाठी गेल्या आहेत. हा आजार तरुण पोरांचा, म्हणाल्या, साठीच्या माणसात क्वचित दिसतो. ह्यांनी एकच विचारलं, लाथ बसल्यानं होतो का. डॉक्टरबाई स्पष्ट नाही म्हणाल्या. लाथेनं फक्त माणसाचं त्या जागेकडे लक्ष जातं. तुमचं गेलं, आणि तरी तुम्ही इतके महिने अंगावर काढलंत, तेच महागात पडलं.

हे हॉस्पिटलातून निघाले ते थेट आवारात आले, एका जुन्या दाराचा अडसर उचलला आणि भावजींच्या तोंडावर हाणला. कारण काय, तर लाथ. ऐकायचं तेवढंच ऐकायचं ही ह्यांची जुनी खोड. कान तेव्हा शाबूत होते.

भावजींचे समोरचे दात गेले. त्यांनी ते तळहातावर थुंकले, बघितले आणि पहिल्यांदाच उलटा हात उचलला नाही. रक्तानं भरलेल्या तोंडानं मला विचारलं, "वहिनी, दादा वाचेल ना?" मला काय माहीत. मी त्यांना तोंड धुवायला पाणी दिलं.

ऑपरेशन होऊन ती गाठ काढली. मग केमोच्या चार फेऱ्या ठरल्या. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. हा कॅन्सर बरा होतो, पसरला असला तरी होतो, पण औषध पूर्ण जावं लागतं. अडचण अशी की ही मात्रा पंचविशी-तिशीच्या शरीरावर बेतलेली आहे. साठीच्या शरीराला ती फार जोरात लागते. मूत्रपिंडं, फुप्फुसं, कान, बोटांच्या नसा, कुठेही मार बसू शकतो. म्हणून कानात आवाज येऊ लागला, बोटं बधिर झाली, कोरडा खोकला लागला, धाप लागली, तर लगेच सांगायचं. म्हणजे आम्हाला औषधांचं बघता येईल.

मी ऐकलं की सांगायचं. ह्यांनी ऐकलं की सांगितलं तर औषध कमी करतील.

ह्यात ह्यांचा धंदा आडवा आला. पाडकामातला पहिला नियम असा की अर्धी भिंत सोडायची नाही. हात लावायचा नाही, नाही तर जमिनीला मिळवायची. अर्धी पाडलेली भिंत माणूस खाते. घरमालक मध्येच घाबरतो, आता राहू द्या म्हणतो, आणि त्याच रात्री ती भिंत कुणाच्या तरी झोपेवर येते. ह्यांचा बाप अशाच भिंतीखाली गेला होता. तेव्हा डॉक्टरबाई म्हणजे ह्यांच्या लेखी घाबरणारा घरमालक. घरी येताना मला गाडीत बजावलं, "तिला काही कळता कामा नये. औषध पूर्ण अंगात गेलं पाहिजे. मला अर्धी भिंत करून ठेवू नका."

मी म्हटलं, तुम्ही भिंत नाही, माणूस आहात.

पहिल्या फेरीत ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर एक ट्रकचालक होता, सत्तावीस वर्षांचा, हाच आजार, हीच औषधं. तो एकदा ओकला, तोंड पुसलं आणि मोबाइलवर कुस्त्या बघत बसला. ह्यांना मात्र औषधानं धोपटून काढलं. पोटात काही उरलं नाही तरी उलटी थांबेना, पित्त संपलं तरी आतडी पिळत राहिली. उचकी लागली ती झोपेतही सुटेना. तोंडात फोड आले, पाण्याचा घोट म्हणजे काच गिळणं झालं. केस गेले, भुवया गेल्या. दुसऱ्या फेरीनंतर पांढऱ्या पेशी गेल्या आणि तापानं अंग भट्टी झालं. त्या तापात सलाइनचा खांब उचलून त्यांनी वॉर्डच्या खिडकीवर घातला. त्यांना वाटत होतं आपण कामावर आहोत. चौघांनी त्यांना पलंगाला बांधलं आणि मी त्यांच्या पायांवर बसले. माझ्या मांडीखाली ते पाय थरथरत होते. इतकी वर्षं मी ह्या माणसाला घाबरले नाही, पण त्या दिवशी ह्या माणसासाठी घाबरले.

हे शुद्धीवर आल्यावर डॉक्टरबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. कानात आवाज? नाही. बोटं? उत्तम. खोकला? हे काय, तुमच्यासमोर बसलोय.

सगळं खोटं. शर्टाची बटणं मी लावत होते. कप हातातून निसटायचा आणि फुटल्यावर ह्यांना कळायचं. जिन्याच्या मधल्या वळणावर बुटाची नाडी बांधायचं सोंग करून दम खायचे, आणि पायात चपला असायच्या. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडायची, हे शेजारी बसून माझ्याकडेच बघायचे की चहाला एवढा वेळ का. मी नर्सला हे सांगितलं. ती बिचारी चांगली होती. तिनं कानांच्या तपासणीचा कागद काढून दाखवला. काकू, म्हणाली, काकांचे कान मागच्या वेळेपेक्षा चांगले आलेत.

मला कोडं पडलं. ते तिसऱ्या फेरीनंतर सुटलं, तेही ह्यांच्या बढाईतून. त्या तपासणीत काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. यंत्र चालवणारी बाई काचेपलीकडे पाठमोरी बसायची. प्रत्येक आवाजाआधी तिचा उजवा खांदा किंचित वर व्हायचा. ह्यांनी बटण दाबलं ते त्या खांद्याकडे बघून. एक आवाज आला असेल तर शपथ, असं म्हणून हे हसले.

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, मी आत्ता फोन करते. मी मोबाइल हातात घेतला, त्यांनी तो ओढला, फरशीवर ठेवला आणि कोपऱ्यातला छोटा घण उचलून त्याचा चुरा केला. फरशीही फुटली. मग घण माझ्याकडे रोखून म्हणाले की सांगितलंस तर पुढचा घाव तुझ्यावर. मला मारणार नव्हते, हे मला माहीत होतं. तरी मस्तक फिरलं. विटांवरचा जुना चुना खरवडायची लोखंडी पट्टी माझ्या हाताशी होती. ती मी फेकून मारली.

ती त्या बिनकेसांच्या डोक्याला लागली. जखम बोटभर, पण रक्त थांबेना. केमोनं रक्त गोठवणाऱ्या पेशीही खाल्ल्या होत्या. एक टॉवेल भिजला, दुसरा भिजला, माझ्या कोपरापर्यंत ओघळ आले. गाडी भावजींनी चालवली. मागच्या सीटवर मी ह्यांचं डोकं दोन्ही हातांनी दाबून बसले होते आणि आम्ही दोघं एकमेकांना शिव्या देत होतो.

हॉस्पिटलात ड्यूटीवर दुसरेच डॉक्टर होते. टाके घालेपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. कान गेलेत, बोटं गेलीत, तपासणी खोटी आहे. त्यांनी कागद बघितला, त्यावर कान उत्तम होते. मग माझे रक्तानं भरलेले हात बघितले. हे म्हणाले, जिन्यावरून पडलो. डॉक्टर मला म्हणाले, बाई, तुम्ही आधी शांत व्हा. नवऱ्याचं डोकं फोडणाऱ्या बाईचं कोण ऐकणार? बाहेर आल्यावर भावजींनाही सांगितलं. ते म्हणाले, वहिनी, कालच मी लांबून हळू आवाजात शिवी दिली तर त्याला बरोबर कळली. शिवी ओठांवरून कळते हे त्यांना कुठून ठाऊक असणार. डॉक्टरबाईंची भेट पुढच्या फेरीच्या आधी ठरली होती. तेवढे दिवस कसेही काढू, असं मी ठरवलं. तेवढ्यात बर्फाच्या फॅक्टरीचं काम आलं.

ती फॅक्टरी कैक वर्षं बंद होती. भिंती दुहेरी, मधे भुसा भरलेला, आतून कुजलेल्या. रस्ता चिंचोळा, तोडायचं मोठं यंत्र आत येईना. भावजींनी माणसं लावून छप्पर उतरवलं, तीन बाजू पाडल्या. उरली मागची उंच भिंत. तिथे माणसं अडून बसली. म्हणाली, घणदादानं कान लावल्याशिवाय आम्ही हिच्याखाली जाणार नाही.

हे कान लावणं म्हणजे ह्यांची सगळी इज्जत. भिंतीवर घणाचा एक ठोका द्यायचा, मग तळहात आणि कान टेकवून उभं राहायचं. भिंत पडणार असली की तिच्या पोटात बारीक रेती सुटते, पीठ चाळल्यासारखा अगदी नाजूक आवाज येतो. हे त्याला दळण म्हणायचे. दळण सुरू झालं की पळायचं. दळण नसलं की माणसं कामाला लागायची. ह्या कानाच्या भरवशावर आजवर कुणाचं बोटही चेंगरलं नव्हतं.

भावजींनी ह्यांना बोलावलं नव्हतं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. ते म्हणत होते, चौथी फेरी होऊ दे, भिंत कुठे पळून जात नाही. पण ह्यांच्या कानावर गेलंच. ही एक बातमी तेवढी बरी ऐकू आली. टाक्यांवर टोपी ओढून निघाले. मी दारात आडवी उभी राहिले तर मला दोन्ही खांद्यांना धरून उचलून बाजूला ठेवलं, आणि त्यानं एवढी धाप लागली की भिंतीला टेकावं लागलं. मी पाठोपाठ टेंपो घेऊन गेले.

मी पोचले तेव्हा ठोका देऊन झाला होता. हे भिंतीला गाल टेकवून उभे होते, तळहात पसरलेला, डोळे उघडे. कान लावताना हे नेहमी डोळे मिटायचे. आज उघडे होते आणि भावजींच्या चेहऱ्याकडे लागले होते. मला त्या यंत्रवाल्या बाईचा खांदा आठवला. हा माणूस भिंत ऐकतच नव्हता. भावजींच्या तोंडावर काय उमटतंय ते बघून ठरवणार होता. आणि भावजी, बिचारे, निर्धास्तपणे ह्यांच्याकडे बघत होते, दादा काय म्हणतोय म्हणून.

भावजी शांत दिसले, म्हणून ह्यांनी डोळे मिटून हात वर केला. म्हणजे चला, लागा कामाला.

मी ओरडले. माणसं जागीच थांबली. भावजींनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि त्यांचं तोंड पालटलं. दळण वाढलं होतं, आता ते त्यांना लांबूनही ऐकू आलं. मलाही आलं, टेंपोपाशी उभी असून. सगळ्या आवारात तो बारीक आवाज भरला होता, आणि हे त्याला कान टेकवून उभे होते.

भावजींनी हाक मारली. ह्यांनी मान वळवली नाही. मग भावजी धावले आणि धावता धावता त्यांनी ह्यांच्या पोटात लाथ घातली, होती नव्हती ती ताकद लावून. हे लांब जाऊन राडारोड्यात पडले. भिंत आधी पोटातून फुटली, काळा भुसा बाहेर आला, मग वरून खाली सगळी भावजींवर बसली. तो आवाज ह्यांनाही ऐकू आला असेल.

धूळ जायच्या आधीच हे ढिगावर होते. हातांनी विटा उपसत होते. पहार द्यायला माणसं आली तर त्यांना ढकलून दिलं. नखं उपटली, बोटं फाटली, विटांवर लाल ठसे उमटत गेले, पण ह्यांना त्याचा पत्ता नव्हता. भावजी सापडले ते कमरेपर्यंत मोकळे आणि उजवा पाय एका तुळईखाली. गुडघ्याच्या खाली पाय असं म्हणायला काही उरलं नव्हतं. तुळई उचलली तेव्हा भावजी जे ओरडले ते मी अजून विसरले नाही. ह्यांना ते ऐकू आलं नाही. ते भावाच्या उघड्या तोंडाकडे बघत होते आणि मग श्वास न पुरून त्याच्याच अंगावर कोसळले.

एकाच हॉस्पिटलात दोघं, वेगवेगळ्या मजल्यांवर. भावजींचा पाय मांडीपासून कापला. मी वरखाली करत राहिले. दोघांचाही राग येत होता आणि दोघांवाचून माझं कुणी नव्हतं.

डॉक्टरबाई भेटल्या तेव्हा मी काही मागचंपुढचं ठेवलं नाही. त्यांनी ह्यांच्यासमोर बसून तोंडापुढे कागद धरला आणि बोलल्या. हे गप्प. परत बोलल्या. हे माझ्याकडे बघू लागले, माझ्या तोंडावर उत्तर शोधायला. मी मान फिरवली. मग त्यांनी बोटांना सुई टोचून बघितली, छातीचा फोटो काढला. फुप्फुसांवर डाग सुरू झाले होते. ते एका औषधाचं काम होतं. ते बंद केलं, बाकीची दोन चौथ्या फेरीत पूर्ण मात्रेनं द्यायचं ठरवलं. एवढं पुरेसं आहे, म्हणाल्या.

ह्यांना एवढंच दिसलं की एक इंजेक्शन कमी झालं. सलाइनची सुई उपसून काढली. पूर्ण द्या म्हणून असे ओरडले की वॉर्डातली माणसं उठून बसली. ज्याला धरायला पूर्वी चौघं लागले होते त्याला आता एका नर्सनं धरलं. मी मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं की पुरेसं आहे. त्यांनी तो कागद फाडला. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एकदाच बोलले, "भावाचा पाय गेला तो गेला. निदान औषध पूर्ण गेलं म्हणून गेला, असं तरी असू द्यायचं होतं."

तेव्हा मला कळलं की हा माणूस आता कशाच्या आधारावर उभा आहे. कान गेले, हात गेले, भावाचा पाय गेला, पण त्याच्या बदल्यात तीन फेऱ्या तरी औषध पुरतं अंगात गेलं. न बोलता सोसलं म्हणूनच गेलं. ह्यांचा हिशेब तेवढ्यावर टिकला होता.

चौथी फेरी कशीबशी पार पडली. मग स्कॅन झाला. निकालाच्या दिवशी भावजीही आले. ऐकल्याशिवाय घरी बसवत नाही, म्हणाले. ते कुबड्या घेऊन बाहेरच्या बाकावर बसले, विजारीचा एक पाय दुमडून टाचणीनं अडकवलेला. आम्ही दोघं आत गेलो.

डॉक्टरबाई हसल्या तेव्हाच हे उठून उभे राहिले. आजार कुठेच दिसत नाही, म्हणाल्या. ह्या वयात औषध सोसत नाही, मधेच थांबवावं लागतं, ती भीती होती, पण काका निभावले. पुढची वर्षं तपासण्या कराव्या लागतील. कान परत येणार नाहीत, यंत्र लावता येईल. बोटं थोडी सुधारतील, धाप थोडी राहील. मी रडले. हे माझ्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

मग मी विचारलं. विचारायला नको होतं असं मला वाटत नाही. दुसऱ्या फेरीतच ह्यांनी कानाचं, बोटांचं खरं सांगितलं असतं तर तुम्ही औषध कमी केलं असतं का?

डॉक्टरबाई म्हणाल्या, "कानांना मारणारं ते औषध मी कानांसाठी कमी केलं नसतं. त्याच्यावरच तर जीव होता. खोकला कळला असता तर फुप्फुसांना लागणारं ते एक बदलून तितकंच जोरदार दुसरं दिलं असतं. मात्रा पूर्णच गेली असती. मी फक्त सांगितलं असतं, काका, आता ह्या कानांवर आणि हातांवर विसंबू नका. कामावर जाऊ नका."

बाहेर आल्याबरोबर ह्यांनी विचारलं, काय म्हणाली. त्यांचा चेहरा उजळला होता, इतक्या महिन्यांत मी तो तसा बघितला नव्हता. भावजीही बाकावरून वाकून बघत होते. बरे झालात, एवढं सांगून थांबता आलं असतं. चार दिवस सुखात गेले असते. पण अर्धी भिंत ठेवायची नाही हे मी ह्यांच्याकडूनच शिकले होते, आणि खरं सांगायचं तर मला ह्यांचा राग आला होता, आतड्यापासून. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. बरे झालात. सगळं गेलंय. मग श्वास घेऊन बाकीचंही ओरडले. सांगितलं असतं तरी एक थेंब कमी केला नसता. फक्त कामावर जाऊ नका म्हणाल्या असत्या. सगळा व्हरांडा ऐकत होता.

ऐकून हे भावजींच्या दुमडलेल्या विजारीकडे बघत राहिले. भावजींनी ती हातानं झाकली.

मग ह्यांनी समोरच्या भिंतीवर मूठ मारली. एकदाच, ठोका द्यावा तशी. थांबले. परत मारली. मग मारतच सुटले, उजव्या हातानं, डाव्या हातानं, गिलाव्याचे पोपडे उडेपर्यंत. सालटं निघाली, बोटाचं हाड मोडल्याचा आवाज मला आला. त्यांना दुखत नव्हतं. दुखायला काही उरलंच नव्हतं. मी मागून कंबर धरली तर मला घेऊन फिरले. भावजींनी कुबड्या टाकल्या, एका पायावर उडी घेत आले आणि अंग झोकून दिलं. दोघं खाली कोसळले, आवारात पडायचे तसे, एकमेकांत अडकून.

ह्यांचं लक्ष भावजींच्या शर्टाकडे गेलं. तो छातीपासून पोटापर्यंत लाल झाला होता. हे घाबरले. भावजींचं अंग चाचपू लागले, गळा, छाती, कापलेली मांडी. "तुला कुठं लागलं? कुठून येतंय हे? हे रक्त कुणाचं?"

"घरचंच आहे, दादा," भावजी म्हणाले.

ह्यांना ते ऐकू आलं नाही. ते परत परत तेच विचारत राहिले आणि दोन्ही हातांनी भावजींच्या शर्टावरचं रक्त पुसत राहिले. पुसत होते तसं ते वाढत होतं. मी खाली बसले, ह्यांचाच फुटलेला हात धरला आणि उचलून ह्यांच्या डोळ्यांसमोर नेला.